दोन्ही कवाडं सताड उघडी

१

धाकटीच्या दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी होती.

थोरली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकली. तिच्या काखेत वीस शर्टांचं गाठोडं होतं, काज-बटणांसाठी आणलेलं. शिवणाचं दुकान थोरलीचं, आणि काज-बटणं घरबसल्या करायची तिच्या धाकट्या बहिणीने, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. रोज पाच वाजता थोरली यायची, दारावर तीन थापा मारायची, "मी आहे गं" म्हणायची. मग आतून एकेक करत चार कड्या निघायच्या आणि उजवं कवाड वीतभर उघडायचं. वीतभर म्हणजे वीतभरच. अकरा वर्षं थोरली त्या फटीतून अंग चोरून आत शिरत होती, आणि तिचं अंग काही चोरण्याजोगं नव्हतं.

डावं कवाड तर कधी उघडलंच नव्हतं. त्याच्या वरच्या खिट्टीला गंज चढला होता. आज ती खिट्टी खाली ओढलेली होती आणि गंजाचा तांबडा भुगा फरशीवर सांडला होता.

"आत कोण आहे त्याने मुकाट्याने पुढं यावं," थोरली म्हणाली. "माझ्या हातात कात्री आहे."

कात्री दुकानात होती. पण पुढं कोणी आलं नाही.

ती आत शिरली. दारावरचा जाड पडदा गुंडाळून वर खोचलेला होता. उघडं दार धाकटीला सोसत नाही, म्हणून थोरलीने जाता जाता गाठीचं टोक ओढलं. पडदा सरकन खाली आला. मग तिने हाक मारली. उत्तर आलं नाही. स्वयंपाकघरात ताटं-पातेली जमिनीवर पडली होती, खण उलटे केलेले होते. मागच्या जिन्याकडचं दार लोटलेलं होतं. झोपायच्या खोलीत कोणी नव्हतं. न्हाणीत कोणी नव्हतं.

आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, थोरलीला आनंद झाला. बया बाहेर पडली. अकरा वर्षांनी का होईना, घाबरून का होईना, उंबरा ओलांडून गेली. कुठंतरी कोपऱ्यावर थरथरत उभी असेल, जाऊन आणते.

मग तिला लाकडी कपाटाच्या दारात अडकलेलं साडीचं टोक दिसलं.

आत, टांगलेल्या कपड्यांखाली, धाकटी गुडघे छातीशी घेऊन बसली होती. एका हाताने तिने कपाटाच्या दाराचा आकडा आतून ओढून धरला होता. दुसऱ्या हातात अर्धवट शर्ट होता, आणि सुईत दोरा ओवलेला. थोरलीने तिच्या गालाला हात लावला. अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं.

२

"चोर," फौजदार म्हणाला. वय कोवळं, मिशी नवी. "मागच्या दाराने आला, बाई घाबरून कपाटात लपली, हृदय बंद पडलं. डॉक्टरही तेच म्हणतात. तुम्ही जरा बसा, आजी."

"आजी तुमच्या घरी. चोराने नेलं काय?"

"नेण्यासारखं काही नसेल."

थोरलीने उलट्या पडलेल्या खणाकडे बोट दाखवलं. फरशीवर बांगड्यांची जोडी पडली होती. सोन्याची, आईची.

"चोराचे डोळे आले होते का?" तिने विचारलं.

फौजदाराने बांगड्या उचलल्या, कागदात गुंडाळल्या आणि चेहरा गंभीर केला. "आवाज ऐकून पळाला असेल."

"कोणाचा आवाज? वरचा मजला रिकामा, खालचा रिकामा. इमारत धोकादायक ठरवून पालिकेने नोटीस लावलीय. महिनाअखेर सगळ्यांनी निघायचं. सगळे गेले, ही एकटी राहिली होती. पळायला लावणारं होतं कोण?"

तेवढ्यात धाकटीची मुलगी धावत आली. इस्पितळात परिचारिका होती. पांढऱ्या गणवेशातच आली. कपाटाकडे एकदा बघितलं आणि तिथंच फरशीवर बसली. रडली नाही. आईच्या हातातली सुई तेवढी अलगद काढून आपल्या पदरपिनेशेजारी टोचून ठेवली, कोणाला लागू नये म्हणून.

थोरलीचे यजमान मागोमाग आले. त्यांना सगळी आळी 'टॉर्चवाले' म्हणायची. चौतीस वर्षं त्यांनी सिनेमागृहाच्या दारावर काढली, अंधारात लोकांना टॉर्चने खुर्च्या दाखवल्या. आता दुकानात बसून शिवलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापायचे. बोलणं बेताचं. थोरली बोलायची आणि ते करायचे, असा तो संसार होता, आणि त्यात भांडण कसं ते कोणाला माहीत नव्हतं. आताही त्यांनी न सांगता भाचीला पाणी दिलं, पडलेली ताटं उचलायला लागले, आणि फौजदाराने "हात लावू नका" म्हटल्यावर ताट हातात धरून तसेच उभे राहिले.

थोरली खोलीच्या मध्यावर उभी राहिली.

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही. तो कोणीही असो, कोणाचाही कोणी असो. फासावर चढवीन, आणि दोर ओढायला माणूस नसेल तर मी ओढीन."

टॉर्चवाल्यांच्या हातातलं ताट खाली पडलं. कोणी तिकडे पाहिलं नाही. त्या दिवशी सगळ्यांच्याच हातातून काही ना काही पडत होतं.

३

तिसऱ्या दिवशी थोरली घरमालकाच्या दुकानात गेली. तो चष्मे विकायचा. कोणा म्हाताऱ्याच्या नाकावर काचा बदलत बसला होता.

"गिऱ्हाईक जाऊ दे," तो म्हणाला.

"ऐकू दे त्यालाही. बसला तर आहे आरामात. गुरुवारी दुपारी तुम्ही कुठं होता?"

"इथंच. डोळे तपासणारे डॉक्टर गुरुवारी येतात, रांग लागते. विचारा कोणालाही."

"माणूस पाठवता येतो."

घरमालकाने काच पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. "मावशी, मला तुमची बहीण घराबाहेर हवी होती, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण जिवंत बाहेर. आता पोलिसांनी खोलीला सील लावायचं म्हटलंय, पाडकाम लांबलं. मी माझ्याच पायावर धोंडा कशाला मारून घेऊ?"

थोरलीला हे पटलं, आणि पटलं म्हणून राग आला. "मग चोर होता म्हणा."

"चोर नव्हता." म्हाताऱ्याला आरशासमोर बसवून तो तिच्याकडे वळला. "मी गेलो होतो बघायला. शिवणयंत्र कुठं असायचं तिचं?"

"खोलीच्या मधोमध. येता-जाता आपटायचं पायाला."

"ते भिंतीशी सारलं होतं. स्टूल त्याच्यावर उपडं ठेवलेलं. आतल्या खोलीपासून दारापर्यंत वाट कशी मोकळी. असला नीटनेटका चोर मी ऐकला नाही. आणि दोन्ही कवाडं उघडली. चोराला आत यायला मागचं दार होतं, जायलाही तेच होतं. पुढचं दार त्याने उघडलं कोणासाठी?"

हे थोरलीने पाहिलं होतं, आणि पाहून डोक्यात शिरलं नव्हतं.

"तिच्यासाठी," ती सावकाश म्हणाली. "मागून हाकलायचं, पुढून पळू द्यायचं. तिला बाहेर काढायचं होतं कोणालातरी."

घरमालकाने चष्म्याची दांडी दुमडली. बोलावं की नाही, असा त्याचा चेहरा झाला.

"रागावू नका, मावशी. पण हे तर तुमच्याच तोंडून ऐकलं होतं मी. सोमवारी. तुमच्या दुकानात."

४

सोमवार तिला लख्ख आठवला. घरमालक नोटिशीचा कागद घेऊन आला होता. भाची ड्यूटीवरून थेट आली होती, तिचे डोळे जागरणाने लाल. महिनाअखेर आईने बाहेर पाऊल टाकलं नाही तर पालिकेची माणसं चौघांनी उचलून नेतील, असं घरमालक सांगत होता, आणि भाची म्हणत होती, "उचलून नेलं तर आई वाटेतच जाईल."

थोरलीला बहिणीचा हा आजार कधी कळलाच नव्हता. आधी धाकटी रस्ता ओलांडेनाशी झाली, मग कोपऱ्यापर्यंत जाईनाशी झाली, मग जिना, मग उंबरा. डॉक्टरने त्याला मोठं नाव दिलं होतं. थोरली त्याला थेरं म्हणायची, तोंडावर म्हणायची, आणि तरी अकरा वर्षांत एक दिवस तिथं जायचा चुकवला नव्हता. सोमवारी तिची जीभ नेहमीसारखीच सैल सुटली. "डॉक्टर नको नि चौघं नकोत," ती म्हणाली होती. "घरात एकदा कोणी घुसायला हवं. मग बघा, अनवाणी धावत सुटते की नाही. त्या सिनेमातल्या बाईसारखी."

तिघांनी ऐकलं होतं: घरमालकाने, भाचीने, आणि कोपऱ्यात दोरे कापत बसलेल्या टॉर्चवाल्यांनी. चौथं कोणी नव्हतं.

चष्म्याच्या दुकानातून ती तडक धाकटीच्या इमारतीशी आली. जिन्याखाली किल्ल्या बनवणारा बसायचा. त्याच्या पाटीजवळून पुढचा जिनाही दिसायचा आणि मागच्या जिन्याकडे जाणारा बोळही. धाकटीच्या चारही कड्या त्यानेच बसवल्या होत्या.

"मागच्या दाराच्या किल्ल्या किती?" थोरलीने विचारलं.

"दोन. एक पोरीकडे, एक तुमच्या दुकानात खिळ्याला. फौजदार म्हणतो दार उघडं राहिलं असेल. त्या बाई दार उघडं ठेवतील? मला चार वेळा वर बोलवायच्या, कडी नीट बसते का बघ म्हणून."

"कुलूप फोडलेलं नाही?"

"ओरखडासुद्धा नाही. किल्लीनेच उघडलंय."

"गुरुवारी घरमालक आला होता? त्याचा कोणी माणूस?"

"मावशी, मी अकरापासून संध्याकाळपर्यंत जागचा हललो नाही. परकं माणूस म्हणाल तर एक नाही. ना पुढून, ना बोळातून. शपथ घालून विचारा."

थोरली दुकानात परतली. किल्ली खिळ्याला होती, तिच्यावरची लाल चिंधीही जागेवर. म्हणजे दुसरी किल्ली. पुढ्यात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून तिने त्याच्या खांद्याचं माप घेतलं. दोनदा घेतलं, आणि दोन्ही वेळा वेगळं आलं.

५

भाची स्वतःच्या घरी आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती. थोरलीने दाराशीच विचारलं.

"तुझी किल्ली कुठं आहे?"

भाचीने तिच्याकडे पाहिलं. घडी पुरी केली, हात फिरवून सारखी केली. "हे विचारायला आलीस?"

"तुला ती बाहेर हवी होती. तूच म्हणायचीस, माझं आयुष्य त्या दाराला बांधलंय."

"म्हणायचे. रोज म्हणायचे. तिच्यासमोरसुद्धा म्हटलं एकदा, आणि ते आता मला जन्मभर पुरेल. पण गुरुवारी मी आठ ते चार शस्त्रक्रियेच्या खोलीत उभी होते. सहा माणसं होती. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, पर्स कपाटात, कपाटाला कुलूप." ती थांबली. "मावशी, तू मला एवढंच ओळखतेस?"

थोरलीने चपला काढल्या आणि आत येऊन बसली.

"आणि मी असलं करूच शकले नसते," भाची म्हणाली. "सोमवारी तू तो सिनेमा काढलास तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. मी पाहिलाय तो. तू पाहिलायस?"

"मला कुठली सवड. गोष्ट माहीत आहे. बाई घराबाहेर पडायला घाबरत असते. दोन चोर घुसतात, खोल्याखोल्यांतून तिच्या मागे लागतात, आणि शेवटी ती धावत रस्त्यावर येते. बरी होते."

"बरी होत नाही."

"म्हणजे?"

"धावत बाहेर येते, ते खरं. तिथं थेटरची दारं उघडतात, अर्धे लोक उठतात, गडबड सुरू होते. पण सिनेमा पुढं आहे ना. पोलीस येतात, चोरांना नेतात, माणसं पांगतात. ती रस्त्यावर एकटी उभी राहते, आकाशाकडे बघते. मग वळते. घरात जाते आणि दार लावून घेते. आधी तीन कड्या असतात, ती बसून चौथी ठोकते. तिथं संपतं. मी नि माझी मैत्रीण खुर्चीत बसून राहिलो, उठवेना. मला आईच दिसत होती." भाचीने दुसरी साडी उचलली. "ज्याने शेवट पाहिलाय, त्याला ही कल्पना कधी सुचणार नाही. तुला कोणी सांगितलं ती बरी होते म्हणून?"

थोरलीने सांगायला तोंड उघडलं.

मग मिटलं. "ऐकलं होतं कुठंतरी," ती म्हणाली, आणि चपला न घालताच निघाली. जिन्यावरून परत येऊन घातल्या.

६

दुकानात ऊन आलं होतं. रोज या वेळी ते आत येऊन कापडावर पडायचं, रंग उडायचा, म्हणून थोरली दारावरचा पडदा खाली सोडायची. सकाळी टॉर्चवाले तो वर खोचून ठेवायचे. तिने हात वर केला, टोक ओढलं, पडदा सरकन खाली आला.

तिचा हात तसाच वर राहिला.

पडद्याला एक पीळ, मग वरून वळसा, टोक आत. एका ओढीत सुटणारी गाठ. उशिरा येणाऱ्याला आत सोडून लगेच अंधार करायचा, म्हणून सिनेमागृहाचे दारवाले अशी बांधतात. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांनीच कौतुकाने दाखवली होती. चाळीस वर्षं ती ही गाठ न बघता सोडत आली होती. गुरुवारीही तिने ती न बघताच सोडली होती, धाकटीच्या दारात. पाच बोटांना जे कळलं ते डोक्यापर्यंत पोचायला तीन दिवस लागले.

टॉर्चवाले कोपऱ्यात बसले होते. मांडीवर शर्ट, हातात छोटी कात्री.

"अहो."

"हं."

"त्या सिनेमाचा शेवट काय होता?"

"ती धावत बाहेर येते."

"मग?"

"मग संपतं."

"तुम्ही पाहिलंत?"

त्यांनी दोरा कापला. "ती धावायला लागली की बेल व्हायची. बेल झाली की दारं उघडायची. आधी वाट मोकळी करायची, मग पडदे वर, मग दोन्ही कवाडं. चार आठवडे चालला, दिवसाला तीन खेळ. माझी पाठ असायची तिकडे. पण टाळ्या ऐकू यायच्या."

"ती परत आत जाते," थोरली म्हणाली. "सगळे गेल्यावर. आत जाऊन दार लावून घेते."

कात्री थांबली.

"मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, न विचारता, खालच्या आवाजात, जणू समोर खेळ चालू आहे. खिळ्यावरची किल्ली घेतली. मागच्या बाजूने आत गेले, तेव्हा धाकटी आतल्या खोलीत काज करत होती. त्यांनी पावलं न वाजवता पुढची वाट मोकळी केली, डाव्या कवाडाची गंजलेली खिट्टी तेल लावून ओढली. मग स्वयंपाकघरात येऊन ताटं पाडली, खण उलटले, पातेल्यावर डाव बडवला. तिची पावलं ऐकू आली. धावली, एवढं नक्की ऐकलं. मग ते मागच्या जिन्याने उतरले आणि वळसा घालून पुढच्या जिन्याखाली जाऊन उभे राहिले.

"शाल नेली होती," ते म्हणाले. "तिला उघड्या आभाळाची भीती वाटते म्हणालीस ना. म्हटलं, खाली आली की डोक्यावरून घालीन, हात धरीन, घरी आणीन. तासभर उभा होतो. वर जाऊन बघावं असं सारखं वाटत होतं. पण मला बघितलं तर सगळा खेळ कळेल, पुन्हा आत बसेल. म्हटलं थोडा वेळ देऊ. पाचला तू आलीस, गाठोडं घेऊन. मला बघितलं नाहीस. मी म्हटलं, बरं झालं, आता ही तिला घेऊन येईल."

किल्ल्यावाल्याने परकं माणूस पाहिलं नव्हतं. खरंच बोलला होता. थोरलीनेच पुढचं विचारलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू म्हणालीस, फासावर चढवीन. मी वाट बघत होतो, तुला कळायची."

"मी म्हटलं म्हणून केलंत हे सगळं?"

"तू रडलीस ना सोमवारी, सगळे गेल्यावर. पालिकेची माणसं तिला फरफटत नेतील म्हणून. आणि म्हणालीस कोणीतरी घुसायला हवं."

"अहो, मी म्हणते ते सगळं करायचं असतं का?"

त्यांनी वर पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"चाळीस वर्षं केलं," ते म्हणाले.

७

त्याच दिवशी तीनच्या सुमारास फौजदार स्वतः दुकानात आला. अज्ञात चोर, असं लिहून कागद बंद करतो म्हणाला. बांगड्या कागदातून काढून टेबलावर ठेवल्या, पोचपावतीवर अंगठा घेतला. "आमच्याकडून एवढंच होण्यासारखं आहे, मावशी," तो म्हणाला, आणि या वेळी आजी म्हणाला नाही.

तो गेल्यावर दोघं बसून राहिली. आता कोणी विचारणार नव्हतं. घरमालकाला त्याची इमारत मिळणार होती, भाचीला तिचं दुःख. तोंडाला कुलूप घातलं की झालं. थोरलीने आयुष्यभर तोंड सोडून बाकी सगळ्याला कुलूप घातलं होतं; एवढं एकदा उलट केलं असतं तर कोणाला कळलं नसतं.

"काय करू?" टॉर्चवाल्यांनी विचारलं.

उत्तर तिच्या ओठांवर होतं. गप्प बसा, एवढे दोन शब्द. ते बसले असते. मरेपर्यंत बसले असते, रोज पडदा खोचला असता, दोरे कापले असते, आणि जेवायला वाढलं की जेवले असते.

"या वेळी मी सांगणार नाही," ती म्हणाली.

ते गोंधळले. मांडीवरच्या शर्टाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग ते उठले, स्वतःचा सदरा अंगात घातला, आणि बटणं लावता लावता म्हणाले, "मी सांगून येतो त्यांना. तू दुकान बघ."

त्यांनी स्वतःच्या मनाने काही ठरवलेलं थोरलीने पहिल्यांदाच पाहिलं.

"दुकान मरू दे," ती म्हणाली. "एकटे नाही जायचं."

चौकीवर फौजदाराने दोन खुर्च्या मागवल्या. टॉर्चवाल्यांनी सांगितलं, त्याने लिहून घेतलं. मधे मधे पेन थांबवून तो त्यांच्याकडे नुसता बघायचा. लिहून झाल्यावर थोरली पुढं सरकली.

"आता माझं लिहा."

"तुम्ही तिथं नव्हता, मावशी."

"माझं बोलणं होतं तिथं. कल्पना माझी, शब्द माझे. यांनी फक्त हात लावला."

"बोलण्याला कलम नसतं."

"मग कोऱ्या कागदावर लिहा."

त्याने पेन खाली ठेवलं. "तुम्ही घरी जा," तो हळू म्हणाला. "यांना आज इथं राहावं लागेल. पुढचं वकील बघतील. वय बघता, हेतू बघता..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

टॉर्चवाल्यांना आत नेलं. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं, ती काही सांगते का म्हणून. तिने सांगितलं नाही. त्यांची रक्तदाबाची गोळी सातला असते, एवढं मात्र शिपायाला सांगितलं.

ती बाहेरच्या बाकावर बसली. भाचीला तिने फोन केला होता, चौकीवर ये, एवढंच म्हणाली होती. भाची घरच्या कपड्यांतच आली, दम लागलेली, चेहऱ्यावर आशा घेऊन.

"सापडला का गं, मावशी?"

शेजारून लोक येत-जात होते, कोणाची सायकल हरवलेली, कोणाचं भांडण. थोरलीने भाचीला हाताला धरून बाकावर बसवलं. हात सोडला नाही. या पोरीचा हात उद्यापासून आपल्या हातात असेल की नाही, तिला माहीत नव्हतं, आणि नसला तर ते रास्तच होतं.

"सोमवारी दुकानात मी जे बोलले," ती म्हणाली, "ते तुझ्या काकांनी खरं मानलं."